सूपभर कोंड्याची माय

सखादादाचा फोन आला तेव्हा मी आमच्या संघटनेच्या जालन्याच्या कार्यालयात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. कार्यालय म्हणजे एक खोली, एक सतरंजी आणि दोरीवर टांगलेले कापडी फलक. तो एवढंच म्हणाला, "माय गेली." मी विचारलं, "कोणाची?" विचारण्यात माझी चूक नव्हती, आमच्याकडं दिवसातून दहा जण माय म्हणतात आणि प्रत्येकाची वेगळी असते. पलीकडून तो म्हणाला, "आपली." आणि फोन ठेवून दिला. मी गठ्ठ्याची गाठ मारली, कुलूप लावलं आणि भोकरदनची गाडी धरली. या गोष्टीला आता दीड महिना होईल. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, तुझी कोण लागत होती? एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

गयाबाई तिचं नाव. बुरूडकाम करायची. वय सत्तरच्या पुढं, किती पुढं ते तिलाही माहीत नव्हतं. सुपं, टोपल्या, दुरड्या, कोंबड्या झाकायची डाली विणायची आणि भोकरदनच्या बाजारात बसून विकायची. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळं ते एकदा छापून झालेलं आहे आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच. मी त्याच गावातल्या, बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकरी घरात जन्मले. तिचं माझं रक्ताचं नातं नाही, जातीचं नाही, रेशनकार्डावरचं तर नाहीच. तिनं मला एक सूप कोंडा देऊन विकत घेतलं होतं. वाचून धक्का बसला असेल तर बसू द्या, आमच्या भागात ही गोष्ट कुणाला नवी नाही.

माझ्या आधी आमच्या घरातली दोन लेकरं गेली होती. एक सहा महिन्यांचं होऊन, एक बारशाच्या आधीच. एक्क्याऐंशी साली मी जन्मले तेव्हा आजीनं ठरवलं, की हे लेकरू आपलं म्हणायचंच नाही. आपलं म्हटलं की सटवाईची नजर जाते. दुसऱ्याचं म्हटलं, त्यातही जिला आपण घरात घेत नाही अशा बाईचं म्हटलं, की ती नजर काढून घेते. तर पाचव्या दिवशी मला कोऱ्या सुपात निजवून दारापुढच्या रस्त्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणं गयाबाई वाटेनं आली, जशी काही सहज चालली होती. तिनं विचारलं, हे लेकरू कुणाचं? दारात उभ्या असलेल्या माझ्या जन्मदात्रीनं तीनदा म्हणायचं होतं, माझं न्हाई. दोनदा म्हणाली म्हणतात, तिसऱ्यांदा आवाज फुटेना, तेव्हा आजीनं पाठीत कोपर मारलं आणि मग तिसऱ्यांदाही म्हणाली. गयाबाईनं आपल्या ओच्यातला गव्हाचा कोंडा आमच्या सुपात ओतला, मला उचललं, छातीशी धरलं आणि परत जन्मदात्रीच्या हातात देत म्हणाली, "लेकरू माझं हाय. तू निस्तं दूध पाज." म्हणून माझं नाव कोंडाबाई. शाळेत गुरुजींना दया आली आणि त्यांनी हजेरीत कुंदा लिहिलं.

हा नुसता पाच मिनिटांचा देखावा नसतो, पुढं तो पाळावा लागतो. जन्मदात्रीला मी माय म्हणायचं नाही. मी तिला बाई म्हणते, आजही. माय म्हणायचं ते गयाबाईला. दर दिवाळीच्या पाडव्याला माय नवं सूप घेऊन आमच्या दारी यायची, मला सुपात उभी करायची आणि सगळ्यांसमोर विचारायची, कुणाची गं तू? मी म्हणायची, मायची. मग बाई तिला खण आणि पायलीभर ज्वारी द्यायची. आणि हे सगळं चालायचं पोरीच्या लग्नापर्यंत. हळद लागायच्या आधी आमच्या घरच्या सगळ्यांनी, बाप्यांनीसुद्धा, कोंड्यानं भरलेलं सूप घेऊन तिच्या अंगणात जायचं, जमिनीवर बसायचं, तिच्या हातचं पाणी प्यायचं आणि म्हणायचं, आमचं लेकरू सोडव. तिनं सोडवलं तरच लग्न. याला सोडवण म्हणतात. पाणी प्यालं नाही तर सोडवण पुरी होत नाही, हा नियम. कुणी केला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याला गावाची जात माहीत होती.

हे वाचून कुणाला वाटेल, किती सुंदर परंपरा. तर थांबा. ज्या बाईला मी माय म्हणायची, ती पाडव्याला आली की ओसरीच्या पायरीच्या वर चढत नसे. तिच्या चहाची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी वळचणीला खोचलेली असायची. ती वाटी माय स्वतः काढायची, स्वतः धुवायची, स्वतः परत खोचायची. मी सहा-सात वर्षांची असताना ती वाटी घेऊन घरात पाणी प्यायले, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातातून काढून अंगणात भिरकावली. माय तिथंच बसली होती. उठली, वाटीला पडलेला पोचा अंगठ्यानं आतून दाबून सरळ केला आणि जागेवर ठेवली. लेकराची आई चालते, वाटी चालत नाही! एवढं साधं गणित माझ्या घरातल्या शहाण्या माणसांना उभ्या आयुष्यात सुटलं नाही.

माझं लहानपण बरंचसं तिच्या अंगणात गेलं. तिथं जायला मला कुणी अडवत नसे, कारण मी तिचीच होते. वेशीबाहेर दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड आणि त्याखाली चिरलेल्या बांबूचा ढीग. माय पायाच्या अंगठ्यात कामटी धरून कोयत्यानं तिची सालपटं काढायची, इतकी पातळ की आरपार उजेड दिसायचा. मधेच बोटात कुसळ घुसायचं. मग "माय!" म्हणायची, दातानं कुसळ काढायची आणि पुढं चालू. हा शब्द तिच्या तोंडात दिवसभर असायचा आणि दर वेळी निराळ्या कामाला. कुणी मेल्याची बातमी आली, तर "माय माय माय" असं हळूहळू, खाली उतरत जाणारं. शेजारणीनं नवं लुगडं नेसलेलं दिसलं, तर "अवं माय!" असं वर चढणारं. शेळी दूध देईना, तर "दे ना माय." पूर्णेला पूर आला, तर "माय खवळली." पाचोरा उडवत वावटळ आली, तर तिलाही हात जोडून, "जा माय, तिकडून जा." भोकरदनच्या बाजारात एक मारवाडी दुकानदार तिच्याकडून ठोक टोपल्या घ्यायचा. तो आला की लांबूनच म्हणायचा, "काय माय, बरं चाललंय ना?" माय माझ्या कानात सांगायची, "आता भाव पाडतंय बघ. माय म्हणून सुरू झालं ना, का खर्च आपलाच." आणि सखादादा, म्हणजे तिचा मुलगा, हातातून कोयता निसटला की सवयीनं मायला म्हणून शिवी हासडायचा. त्यावर ही मान वर न करता म्हणायची, "हितंच बसलेय मी. काय काम हाय?"

मलाही ती माय म्हणायची. ये माय, बस माय, खाल्लं का माय. आमच्याकडं लेकीबाळींना असं म्हणायची रीत आहे, म्हणून मला त्यात काही वाटायचं नाही. पण एकदा, चौथी-पाचवीत असेन, मी तिला विचारलं, "माय तर तू हायस. मंग मला काहून माय म्हणती?" तिनं विणता विणता सांगितलं, "माझी माय मी पाळण्यात असताना गेली. म्हणायला कुणीच नव्हतं. म्हणून दिसंल त्याला म्हणत सुटले... मंग सवयच लागली." एवढं बोलून तिनं माझ्याकडं कामट्यांची जुडी सरकवली. तिला कुणी आपली कीव केलेली आवडत नसे.

दहावीनंतर मी जालन्याला आले. वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, माझी माय सुपं विणते. खोलीतल्या पोरी हसल्या, सुपांना नाही, मायला. त्यांच्या मम्म्या होत्या, फार तर आया. माय म्हणजे गावंढळ, माय म्हणजे दाराशी भीक मागताना म्हणतात ते. मी महिनाभर आई म्हणून पाहिलं. आई म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीच येईना, ना बाई ना गयाबाई. सोडून दिलं. पुढं संघटनेत आले. मोर्चे, सभा, पत्रकं. माझ्या हाताला पत्रकाचं वळण चांगलं होतं, भाषा धारदार, वाक्य छोटं, शेवटी मागणी. गावोगावचे अर्ज मी तपासायची आणि त्यातलं 'मायबाप सरकार' लाल शाईनं खोडायची. सरकार तुमचा बाप नाही आणि माय तर अजिबात नाही, ते तुमचं नोकर आहे, असं मी सगळ्यांना सुनवायची. हे मी मायलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "लोकं काय येडे हायेत व्हय? सरकारला माय म्हणलं का त्याला जरा लाज वाटंल, म्हणून म्हणतेत."

मी एकोणीस-वीस वर्षांची असताना पत्रक लिहिलं, 'लेकरं विकणं बंद करा'. स्वतःचंच उदाहरण दिलं, गावाच्या नावासकट. पोटची पोर कोंड्याच्या भावात विकली, असं त्यात वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं. छापखान्यातून ओली पत्रकं घेऊन मी थेट गावी गेले आणि मायच्या अंगणात बसून तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सुपाला शेणाचा आणि मेथीचा लेप देत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बराबर लिव्हलंस. पण विकलं विकलंच लिव्हलं. घेतलं कुणी ते न्हाई लिव्हलं." मी तिला समजावून सांगितलं, की माय, ही प्रथा तुझं शोषण करते, तुला अपशकुनी समजून वापरून घेते, तुझ्या नावाचा इथं प्रश्न नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे. ती सुपावरून हात फिरवत राहिली. "आसंल माय," म्हणाली, "तू शिकलीस."

पत्रक भोकरदनच्या बाजारात वाटलं गेलं. आबांना आडतीत कुणीतरी हातात देऊन विचारलं, हे तुमचंच घर का? त्यांनी घरी येऊन एकच गोष्ट केली. वळचणीची वाटी काढून फेकली आणि बाईला सांगितलं, त्या बुरडिणीनं उद्यापासून दारात यायचं नाही. पुढच्या पाडव्याला माय आली नाही. तिला तसा निरोप बाईनंच दिला होता. आणि मी काय केलं? मी संघटनेच्या वर्षाच्या अहवालात लिहिलं, 'एका गावात ही अघोरी प्रथा पूर्णपणे बंद पाडण्यात यश'. टाळ्या मिळाल्या. त्या यशाचा अर्थ इतकाच होता, की गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला वर्षातून एक दिवस एका घराच्या पायरीपर्यंत जाता येत होतं, तो दिवस मी काढून घेतला. वाटी गेली, ठीक झालं. पण वाटीबरोबर मायही दारातून गेली आणि आबांचं घर जसं होतं तसंच राहिलं. हे मला त्या वेळी दिसलं नाही. मला यश दिसत होतं.

मग पंचविसाव्या वर्षी माझं लग्न. संघटनेतल्याच सुनीलशी, नोंदणी पद्धतीनं, जालन्यात, दोन हार आणि चार सह्या. आबा आले नाहीत, बाईला येऊ दिलं नाही. आठवड्यानं आम्ही दोघं गावी गेलो ते घरी न जाता सरळ मायकडं. तिनं सुनीलला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलाय वं माय हा. सूप विणता येतं का ह्याला?" सुनील म्हणाला, शिकेन. ती खूश झाली. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, ओलं, कडेनं रांगोळी. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "मंग घरची कव्हा येणार?" मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी चिडले. म्हटलं, कुणी येणार नाही माय, आणि यायचंही नाही. मी काय वस्तू आहे, विकायची आणि सोडवायची? हे सगळं थोतांड आहे, मी ते जन्मभर मानणार नाही. इतकं मी तिच्या तोंडावर बोलले. सुनीलनं माझ्या हाताला धरलं तरी बोलले. माय उठली, आत गेली, फळीवर काहीतरी खडखडलं, स्टीलसारखं चमकलेलं दारातून दिसलं, त्यावर तिनं फडकं टाकलं. बाहेर येऊन म्हणाली, "तुझं बी बराबर हाय." आणि सुनीलला एक छोटी दुरडी दिली, भाकरी ठेवायला.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी जमेल तशी जात राहिले. शेवटची भेट ती जायच्या तीन आठवडे आधीची. खोकला होता, विणणं बंद झालं होतं, खाटेवरून सखादादाला सूचना देत होती, कामटी जाड घेतलीस, काठ सैल राह्यला. मी निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. "सोडवण राह्यली वं माय," म्हणाली. मी म्हटलं, "परत तेच का?" ती म्हणाली, "न्हाई. आसंच म्हणलं." गाडी चुकेल म्हणून मी हात सोडवून घेतला. मला गाडी मिळालीही... खिडकीशी जागासुद्धा मिळाली. हे मी विसरू शकत नाही, म्हणून लिहितेय. कुणाला सल्ला द्यायला नाही.

दहाव्याला मी परत गेले. विधी मी मानत नाही, सखादादाला ते माहीत आहे. तो पुरुषमाणसांबरोबर नदीवरून परत आला आणि मला म्हणाला, तू नुस्ती बस. अंगणात लिंबाखाली पंधरा-वीस बायका होत्या. भिंतीशी मायचं लुगडं घडी करून ठेवलं होतं, त्यावर तिचा कोयता. तेव्हा सखादादानं आतून फळीवरचं फडकं काढून स्टीलचे पेले आणून माझ्यापुढं ठेवले. सहा. एकदम कोरे, तळाची चिकटलेली कागदी चिठ्ठीसुद्धा तशीच. त्यानं सांगितलं, की मी पाच वर्षांची असताना तिनं पहिला घेतला आणि मग जमेल तसा एकेक. पोरीच्या सोडवणीला तिच्या घरची येणार, आपल्या हातचं पाणी पिणार, तर पेले चांगले पाहिजेत, म्हणायची. घरात कुणाला त्यातून पाणी पिऊ दिलं नाही, सखादादाच्या लग्नातही नाही. भांड्यावर नाव घालणाऱ्यानं बाजारात विचारलं होतं, काय घालू, गयाबाई घालू? ती म्हणाली, माय घाल. सहाही पेल्यांवर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तेवढी दोनच अक्षरं आहेत.

मी त्या पेल्यांकडं बघत बसले होते. मला राग आला होता, नेहमीसारखाच, फक्त या वेळी तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. मी थोतांड म्हटलं होतं ते थोतांडच होतं. सटवाई नाही, नजर नाही, हे आजही तितक्याच जोरात सांगते. पण त्या थोतांडात एक दिवस असा होता, की आमच्या घरच्या पाटील म्हणवणाऱ्या माणसांना तिच्या अंगणात, तिच्यापेक्षा खाली, जमिनीवर बसावं लागणार होतं आणि पाणी मागावं लागणार होतं. तिचा तेवढा एकच दिवस होता. वीस वर्षं ती त्याची तयारी करत होती. आबांनी तो नाकारला असता तर मी पत्रक काढलं असतं. नाकारला मी, तत्त्वासाठी.

बायकांच्या माना वळल्या म्हणून मीही वर पाहिलं. वेशीतून बाई येत होती. माझी बाई, जन्मदात्री. भर दुपारी, उघड्या रस्त्यानं, एकटी, कडेवर सूप आणि सुपावर हिरवा खण झाकलेला. आबांना सांगून आली होती का न सांगता, मी विचारलं नाही, तिनंही आजवर सांगितलं नाही. या अंगणात तिचं पाऊल आधी कधी पडलेलं नव्हतं. ती आली, कुणी पोतं अंथरायला धावलं त्याला नको म्हणाली, आणि मातीत मांडी घालून बसली. सखादादाच्या बायकोला म्हणाली, "पाणी दे." ती गोंधळली. सवयीनं तांब्या घेऊन आली, वरून ओंजळीत ओतायला. कुणी कुणाच्या ओंजळीत ओतायचं, याचाही तिचा घोळ झाला असावा. बाई म्हणाली, "पेल्यात दे."

सखादादानं चिठ्ठी नखानं काढली, पेला विसळला, भरला आणि दिला. बाई चौथी शिकलेली आहे. तिनं पेला फिरवून अक्षरं वाचली. बोट फिरवलं. मग सगळं पाणी प्याली, सावकाश, पेला ओठाला लावून. रिकामा पेला पुढं ठेवला, सूप लुगड्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "गयाबाई, आमचं लेकरू सोडव."

पुढं कोण बोलणार? रीतीप्रमाणं घेतलेलीनं म्हणायचं असतं, घ्या तुमचं तुमी. घेतलेली तर नव्हती. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. सखादादा माझ्याकडं बघायला लागला. शेवटी त्यानंच बाईला हळू आवाजात विचारलं, "आता वो काकू? माय तर न्हाई." बाईनं थोडा वेळ लुगड्याच्या घडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाई सोडवत तर ऱ्हाऊ द्या. तिचीच हाय." आणि पदर सावरून तिथंच बसून राहिली, बाकीच्या बायकांमध्ये, संध्याकाळपर्यंत. जेवण आलं तर जेवली. सुपातला कोंडा शेळीला गेला. परत निघताना मी तिला वेशीपर्यंत सोडायला गेले. वेशीत ती एवढंच म्हणाली, "तिसऱ्या बारीला मी म्हणलं नव्हतं, माझं न्हाई म्हणून. निस्ते ओठ हलवले. गयाबाईला कळलं होतं. तिनं तशीच उचलली." मी तिला माय म्हणावं असं मला क्षणभर वाटलं. म्हटलं नाही. बाई, जपून जा, म्हणाले.

सखादादानं मला एक पेला दिला, पाच ठेवून घेतले. सध्या माझा पेला कार्यालयात माठावर पालथा असतो. अर्ज घेऊन येणारी माणसं त्यातून पाणी पितात, ओठ लावून. वरून प्यायला लागलं कुणी, तर मी त्याला थांबवते आणि तो माणूस गोंधळतो, पण पितो. जुनं पत्रक संपलं होतं, या आठवड्यात परत छापायला दिलं. प्रथा बंद करा ही मागणी तशीच आहे, एक अक्षर कमी केलेलं नाही. कोंड्याच्या भावात विकली हे वाक्यही ठेवलं. फक्त त्याच्या खाली एक ओळ वाढवली. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, ही ओळ कशाला, हिचा मागणीशी काय संबंध? मी म्हटलं, आहे तशी छापा. ओळ अशी आहे: घेतलं गयाबाईनं.